बाळ, बाबा आणि बाबांच्या हातातले यंत्र

काही महिन्यांपूर्वी या सदरात लसीकरणाविषयी लिहिताना आमच्या घरी कन्यारत्न आल्याचा उल्लेख ओघात आला होता. त्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. आशीर्वादाची पत्रे अर्थातच जास्त; पण काहींनी चिमटाही काढला. "डॉक्टर, इतकी वर्षे दुसऱ्यांची मुले तपासून आईबापांना उपदेश केलात, आता स्वतःच्या घरी काय चालले आहे ते लिहा," असे एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिले. मागणी रास्त आहे. कन्या आता नऊ महिन्यांची झाली. रांगते, धरून उभी राहते, आणि घरातली जी वस्तू उजेड पाडते किंवा आवाज करते तिच्याकडे धाव घेते. म्हणजे माझा मोबाइल, टीव्हीचा रिमोट आणि माझा व्हिडिओ गेम. तेव्हा आज याच विषयावर बोलू.

सुरुवातीलाच सांगतो, मी यंत्रांचा वैरी नाही. २००० सालच्या आसपास मी शाळेत असताना बाजारात पिवळ्या कॅसेटचा टीव्ही गेम मिळत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या एखाद्याच्या घरी तो आला, की आम्ही दहा-बारा मुले पाळी लावून बसत असू. मारिओ आणि काँट्रा ही नावे त्या पिढीतल्या वाचकांना आजही आठवत असतील. पुढे वसतिगृहात संगणकावरचे खेळ आले, मग मोबाइल आला. आजही माझ्या टेबलावर खेळाचे एक यंत्र आहे. त्यामुळे 'आमच्या वेळी असे नव्हते' या थाटाचा लेख मी लिहिणार नाही. तो लिहिणे सोपे असते, आणि तो वाचून कोणी मोबाइल खाली ठेवत नाही. प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. पहिल्या दोन वर्षांत बाळाचा मेंदू काय मागतो, आणि ते यंत्राला देता येते का, हा आहे.

जन्माच्या वेळी मेंदूचे वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असते. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका होतो. पुढे आयुष्यात पुन्हा कधी तो या वेगाने वाढत नाही. या वाढीला दूध लागते, लोह लागते, झोप लागते, हे आपण मागे पाहिले आहे. पण आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे उत्तर. बाळ हुंकार देते, आपण "हो का गं?" म्हणतो, बाळ पुन्हा हुंकार देते. बाळ पंख्याकडे बघते, आपण "पंखा! पंखा फिरतोय" म्हणतो. चेंडूची झेलाझेली असावी तसा हा खेळ दिवसातून शेकडो वेळा चालतो. दिसायला पोरखेळ, पण भाषेचा, लक्ष देण्याचा आणि माणसावर विसंबण्याचा पाया याच खेळात घातला जातो.

हा चेंडू परत आला नाही तर काय होते, हे एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्याचा प्रयोग अगदी साधा होता. आई बाळासमोर बसून नेहमीसारखी बोलते, हसते. मग तिला सांगितले जाते की आता दोन-तीन मिनिटे बाळाकडे बघायचे, पण चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळ प्रथम हसून बघते. मग आवाज काढते, हात पुढे करते, अंग पुढे झोकते. काहीच उत्तर आले नाही की तोंड फिरवते, कावरेबावरे होते आणि शेवटी रडू लागते. आई समोरच आहे, तिने मारले नाही की रागावली नाही, तरी बाळ कोसळते. अलीकडे हाच प्रयोग आईच्या हाती मोबाइल देऊन करण्यात आला. आई मोबाइलमध्ये गुंतली तेव्हाही बाळे अशीच अस्वस्थ झालेली आढळली.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्याच सिएटल शहरातला. पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. काहींना चिनी भाषा बोलणारी बाई समोर बसून पुस्तके दाखवी, खेळणी देई, बोले. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या एकूण बारा बैठका. दुसऱ्या गटाला त्याच प्रकारचे बोलणे टीव्हीवर दाखवले, तिसऱ्याला नुसते ऐकवले. नंतर तपासले तेव्हा समोरासमोर बसलेल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले होते. टीव्ही पाहिलेली व नुसते ऐकलेली बाळे मात्र चिनी न ऐकलेल्या बाळांइतकीच कोरी राहिली. आवाज पोहोचला होता, चित्रही पोहोचले होते. पण टीव्हीतली बाई बाळाच्या हुंकारासाठी थांबत नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, ही झाली परदेशातली प्रयोगशाळा. तर आता दवाखान्यातले सांगतो.

अडीच-तीन वर्षांचे मूल घेऊन आईवडील येतात. मुलगा इंग्रजी बडबडगीते घडाघडा म्हणतो, शंभरपर्यंत आकडे म्हणतो, रंगांची नावे सांगतो. वडिलांच्या चेहऱ्यावर कौतुक असते. येण्याचे कारण सर्दी किंवा पोटदुखी. मी मुलाला नावाने हाक मारतो, तो बघत नाही. "तहान लागली की काय करतो?" असे विचारल्यावर आई म्हणते, "माझा हात धरून माठाकडे ओढतो." पाणी हा शब्द नाही, बोट दाखवणे नाही, 'आई' अशी हाक नाही. "पण गाणी म्हणतो ना सगळी!" गाणी म्हणणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणे म्हणजे समोरच्याला काही सांगणे. पोपटपंची हा आपल्याकडचा जुना शब्द येथे चपखल बसतो.

या बाबतीत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोबाइलमुळे ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होते, असे ऐकिवात येते. ते खरे नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात वेगळेपणातून येते आणि तिचा दोष आईवडिलांवर लादणे हा अन्याय आहे. 'मोबाइलचा ऑटिझम' असे जे नाव हल्ली ऐकू येते, तो वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार नाही. परंतु तासन् तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाला माणसांशी झेलाझेली करायला वेळच उरत नाही आणि त्याचे बोलणे मागे पडू शकते, हेही तितकेच खरे. यांतली काही मुले पडदा बंद करून घरात बोलणे-खेळणे वाढवल्यावर काही महिन्यांत बोलू लागतात. काहींना मुळात ऐकू कमी येत असते. काहींना खरोखर स्वमग्नता असते. बाहेरून बघून यांतले कोणते, हे आजीला काय, डॉक्टरलाही एका भेटीत सांगता येत नाही. म्हणून "त्याचा मामाही उशिरा बोलला होता" असे म्हणून वर्ष घालवू नये. नुसता मोबाइल बंद करून वाट पाहत बसणे हेही चूक. मोबाइल बंद करा आणि तपासणीही करा.

तपासणीची वेळ कशी ओळखायची? नऊ-दहा महिन्यांचे बाळ 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढते आणि नावाने हाक मारली तर वळून बघते. वर्ष ते सव्वा वर्षात हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागते. दीड वर्षात दोन-चार शब्द अर्थासह वापरते. दोन वर्षांचे मूल 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते. यांत मागे असेल तर आधी कानाची तपासणी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी असावेत अशी योजना आहे आणि सेवा मोफत आहे. नाव बोजड आहे म्हणून लोकांना माहीत नाही. चौकशी अंगणवाडी सेविकेकडे, आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात करावी.

आता किती वेळ, हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही तो टाळावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही सांगणे जवळपास हेच आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलचा. पडद्यात टीव्हीही आला, बरं का. "आम्ही मोबाइल देत नाही, फक्त टीव्ही चालू असतो" असे अनेक घरांत सांगतात. टीव्ही मागे नुसता चालू असला तरी घरातली माणसे बाळाशी कमी बोलतात, असे अभ्यासांत आढळले आहे. बाळाने मालिका पाहिली नाही तरी आजीने पाहिली, एवढे पुरते.

आमच्या घरी मोबाइलचा खरा सामना झाला तो जेवणाच्या वेळी. सहा महिन्यांनंतर वरचे खाणे सुरू झाले. मऊ भात, मुगाची डाळ, नाचणीची खीर, केळे. चौथ्या घासाला कन्या तोंड मिटायची. घरी आलेल्या एका मावशींनी लगेच तोडगा सांगितला, "मोबाइल लावून दे, बघता बघता वाटी संपवेल." वाटी संपते हे खरे आहे. म्हणूनच ही युक्ती गावोगाव पसरली. पण बघता बघता खाणाऱ्या बाळाला भूक कधी संपली ते कळत नाही, आणि घास तोंडात आहे याचेही भान राहत नाही. पोट भरले की तोंड फिरवणे ही बाळाची बोलीच आहे; मोबाइल लावून आपण ती बंद पाडतो. आमच्या आईने वाटी घेऊन तिला अंगणात नेले. कावळा, चिमणी, शेजारची शेळी, रस्त्यावरून जाणारी एस.टी. चिऊ-काऊच्या घासात करमणूक आहेच, पण तिथे घास देणारे माणूस बाळाच्या तोंडाकडे बघत असते. कधी अर्धी वाटी खाल्ली, कधी चार चमचे. वजन व्यवस्थित वाढते आहे, तेव्हा मी उरलेल्या अर्ध्या वाटीची चिंता करत नाही.

ज्या घरांत सवय आधीच लागली आहे त्यांनी एकदम निराश होऊ नये. जेवणाच्या वेळी घरातल्या सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, केवळ मुलाचाच नव्हे. पहिले काही दिवस आकांत होतो, मूल कमी खाते. निरोगी मूल त्याने उपाशी मरत नाही. ताटलीत त्याच्या हाताला येईल असे काही ठेवावे, सांडू द्यावे, आणि घरातल्या एकाने बंद केलेला मोबाइल दुसऱ्याने दयेपोटी चालू करू नये. बहुतेक घरांत प्रयत्न इथेच फसतो.

बाबांचे काय?

इथवर बहुतेक वाचक माना डोलावत असतील. आता जरा अडचणीच्या ठिकाणी येऊ. बाळाच्या हातातला मोबाइल आपण सारे मोजतो. बाबांच्या हातातला कोणी मोजत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या उपाहारगृहांत मुलांना घेऊन आलेल्या ५५ जणांचे संशोधकांनी गुपचूप निरीक्षण केले. त्यांपैकी ४० जणांनी जेवताना मोबाइल वापरला. काहींचे लक्ष मुलापेक्षा मोबाइलवरच अधिक होते. मुले लक्ष वेधायला धडपडत आणि मग ओरडा खात. आपल्याकडे हे पाहायला बॉस्टनला जायला नको. कोणत्याही दवाखान्यात पाळीची वाट बघत बसलेल्या बाकांकडे पाहावे.

बाळाचे संगोपन हे आईचे, फार तर आजीचे काम, अशी आपली समजूत. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. फिलिपाइन्समधील सेबू येथे सहाशेवर तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्या पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण बाप झाल्यावर बरेच खाली आले होते, आणि जे बाळाची रोज तीन तास किंवा अधिक देखभाल करत त्यांच्यात ते सर्वांत कमी आढळले. घाबरू नये, हा आजार नाही आणि पुरुषत्वाला धक्काही नाही. बाळ सांभाळणे बापाच्या शरीरालाही बदलते, इतकाच त्याचा अर्थ. दुपटी बदलणे, तेल लावणे, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे, ढेकर काढणे यांत बापाला न जमण्यासारखे काही नाही. स्तनपान सोडले तर सर्व काही जमते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

व्हिडिओ गेमचे काय करायचे, हा प्रश्न तरुण बाप हळू आवाजात विचारतात, बायको औषधाच्या दुकानात गेली की. माझे उत्तर असे. खेळ खेळणे म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परंतु त्याच्या कसोट्या कडक आहेत. खेळावर ताबा राहत नाही, बाकी कामांपेक्षा खेळच मोठा होतो, नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहते आणि हे साधारण वर्षभर टिकते, तेव्हा तो आजार. रात्री अर्धा तास खेळणारा माणूस त्यात बसत नाही.

मात्र बाळ असलेल्या घरात मी खेळांचे दोनच प्रकार मानतो: थांबवता येणारे आणि न थांबवता येणारे. आमच्या पिवळ्या कॅसेटच्या खेळाला थांबवायचे बटण होते. आईने हाक मारली की बटण दाबायचे, गिरणीतून दळण आणायचे, परत येऊन पुढे खेळायचे. आजचे अनेक खेळ समोरच्या खऱ्या माणसांबरोबर एकाच वेळी चालतात. एक डाव वीस ते तीस मिनिटांचा. मध्ये उठले तर डाव जातो आणि साथीदारांच्या शिव्या बसतात. शिवाय रोज हजेरी लावली तर बक्षीस, उद्या आला नाहीत तर बक्षीस बुडाले, अशी रचना. तो खेळ माणसाला उठू नये म्हणूनच बांधलेला असतो. बाळ मात्र डाव संपायची वाट बघत नाही. पाळण्यातून रडू आले की त्या क्षणी मनात जो राग येतो, तो बाळावरचा नसतो, डावावरचा असतो. पण पोहोचतो बाळापर्यंत. म्हणून कन्या घरी आल्यापासून मी थांबवता येणारेच खेळ ठेवले आहेत, आणि तेही ती झोपल्यावर. बुद्धिबळाचा डाव तर दोन-दोन दिवस चालतो. घोड्याला काही घाई नसते.

झोपेचा हिशेबही लक्षात ठेवावा. बाळ रात्री तीनदा उठते. बाबा बारापर्यंत खेळले तर उरलेल्या रात्रीचा भार आपोआप बाळंतिणीवर पडतो. घरातली निम्मी भांडणे या हिशेबातून होतात, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. बाळंतपणानंतर आईला उदासी येते हे आता थोडेफार माहीत झाले आहे. पण निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र पाहता सुमारे दहा टक्के बापांनाही पहिल्या वर्षात नैराश्य येते. पुरुष रडत नाहीत, त्यामुळे ते ओळखू येत नाही. चिडचिड, घरी उशिरा येणे, कामात मन न लागणे, दारू वाढणे, आणि घरात असूनही तासन् तास मोबाइलमध्ये किंवा खेळात बुडून राहणे अशा रूपात ते दिसते. अशा वेळी "बेजबाबदार" म्हणून भांडण्यापेक्षा एकदा विचारावे, "तुम्हाला बरे वाटत नाही का?" शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते. जीव द्यावासा वाटतो असे कोणी एकदा जरी बोलले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

घेण्यासारखी यंत्रे, न घेण्यासारखी यंत्रे

बारशाला हल्ली कपड्यांबरोबर यंत्रेही येतात. आमच्याकडे आलेल्या वस्तूंत एक वाजणारे, दिवे लागणारे खेळणे होते. मी प्रथम ते उलटे करून सेलची जागा पाहिली. हे प्रत्येक बापाने करावे. अशा खेळण्यांत, मोटारीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात नाण्यासारखा गोल चपटा सेल असतो. नेहमीचा मोठा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा. रांगत्या बाळाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे वीज वाहू लागते, तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका जळू लागते. सेल फुटावा लागत नाही. खेळणे चालवण्याइतका जोर नसलेला 'संपलेला' सेलही हे करू शकतो. लक्षणे साधीच दिसतात: लाळ गळणे, खोकला, खायला नकार. शंका आली तरी पुरे, ताबडतोब क्ष-किरण आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. उलटी करवू नये, खायला-प्यायला देऊ नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि सेल बारा तासांच्या आत गिळला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, त्याने जळणे थोडे मंदावते. पण त्यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करू नये. एक वर्षाखालील बाळाला मध कधीच नको. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच घातक. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल ते खेळणे घरात ठेवूच नये. आमच्याकडचे तसेच होते. त्याचा सेल काढून टाकला. आता ते वाजत नाही, आणि कन्येची त्याबद्दल काही तक्रार नाही.

दुसरी वस्तू वॉकर. बाळाला मध्ये बसवून पायांनी ढकलत फिरायचा गोल प्लॅस्टिकचा गाडा. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. तो पायऱ्यांवरून कोसळतो, बाळाला चुलीपर्यंत आणि चहाच्या कपापर्यंत पोहोचवतो, आणि चालणे लवकर तर येत नाहीच, उलट उशीर होऊ शकतो. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहून मागून ढकलते. ते चालेल, मोठे माणूस जवळ असेल तर.

उपयोगाच्या यंत्रांत पहिला नंबर डिजिटल थर्मामीटरचा. दोन महिन्यांखालील बाळाच्या काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप भरला, किंवा अंग गार पडून ९५.९ च्या खाली गेले, तर घरी औषध न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि दुसरा नंबर, ऐकून नवल वाटेल, मोबाइलमधल्या घड्याळाचा. खोकला झालेल्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे श्वासांची संख्या. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोट उघडे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर ते जलद समजावेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, तर मोजत बसू नये, निघावे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तर लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे एक साधे मोजयंत्र तयार केले होते. त्यात ना पडदा, ना सेल. आज प्रत्येक बापाच्या खिशात सेकंद मोजणारे यंत्र आहे. त्यातले हे एक मिनिट कामी आले तर मोबाइलचे सर्व पैसे वसूल झाले.

शेवटी एका भगिनीच्या पत्राचे उत्तर. त्यांचे यजमान सैन्यात आहेत आणि सात महिन्यांच्या मुलाने वडिलांना बहुतेक मोबाइलवरच पाहिले आहे. "दोन वर्षे पडदा नको म्हणता, मग व्हिडिओ कॉल बंद करू का?" असे त्या विचारतात. ताई, मुळीच बंद करू नका. वर सांगितलेला अपवाद तुमच्याचसाठी आहे, कारण या पडद्यात उत्तर देणारे माणूस आहे. कॉल पाच-दहा मिनिटांचाच असावा, बाळाचे पोट भरलेले आणि झोप झालेली असताना. मोबाइल बाळाच्या हाती न देता तुम्ही धरा आणि बाळाला मांडीवर घ्या. यजमानांना सांगा की हळू बोला, एक वाक्य बोलून थांबा, बाळाच्या आवाजाची नक्कल करा. आवाज पोहोचायला उशीर होतो, म्हणून थोडे जास्तच थांबा. ते हसले की तुम्हीही बाळाकडे पाहून हसा, त्यांनी टाळी वाजवली की तुम्ही बाळाचे हात धरून टाळी वाजवा. आणि ते सुट्टीवर येतील तेव्हा बाळ आठ-नऊ महिन्यांचे असेल. त्या वयात बाळे नवख्या माणसाला पाहून रडतात. पडद्यावर रोज ओळखणारे बाळ दारात उभ्या असलेल्या वडिलांना पाहून तुमच्या पदराआड लपले तर यजमानांनी मनाला लावून घेऊ नये. लगेच उचलून न घेता जमिनीवर बसावे, कॉलवर काढत तेच आवाज काढावेत, आणि बाळ स्वतःहून रांगत येईपर्यंत थांबावे. दोन दिवस लागतील, कदाचित तीन.

पुढील आठवड्यात: उन्हाळ्यातील जुलाब आणि मीठ-साखर-पाणी.